नरसिंहपूरची सारजाबाई

पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली की माणसं गोळ्या-औषधाला लागतात, नाहीतर नातवंडांच्या मागं लागतात. आमच्या वडगाव निंबाळकरचे साहेबराव कंडक्टर पंच्याहत्तर पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून एसटीच्या थांब्यावर उभे राहिले. पंच्याहत्तरीपुढच्या माणसांना एसटीचा प्रवास फुकट झाला होता. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची तिकिटं फाडलेल्या माणसाच्या हातात त्या दिवशी हक्काचं तिकीट पडलं, आणि तेही शून्य रुपयांचं. त्यांनी ते उलटून-पालटून पाहिलं, छपाई फिकी आहे असं कंडक्टरबाईंना सुनावलं, सवयीनं चार जणांना ‘पुढं सरका, पुढं सरका’ केलं आणि खिडकी धरली.

फुकट प्रवास मिळाला की माणूस लेकीकडं जातो, तीर्थाला जातो. साहेबराव बारामतीला उतरले, इंदापूरची गाडी धरली, इंदापुरात नरसिंहपूरची धरली. भीमा आणि नीरा भेटतात तिथलं नृसिंहाचं देऊळ बघायला लांबलांबून लोक येतात. साहेबराव बौद्ध, देवाकडं त्यांचं काही काम नव्हतं. ते देवळाच्या दोन थांबे अलीकडं उतरले, तासाभरानं परतीच्या गाडीत बसले आणि दिवस मावळायच्या आत घरी आले. पिशवीत पाथरीच्या चार जुड्या होत्या.

म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, सहा गाड्या आणि चार जुड्या पाथरी. जुडीमागं पन्नास किलोमीटर पडले. केशरसुद्धा एवढा प्रवास करून स्वयंपाकघरात येत नसेल.

पाथरी म्हणजे शाळूच्या, म्हणजे थंडीतल्या ज्वारीच्या, रानात जमिनीला चिकटून उगवणारं तण. कोवळी पानं धुवायची, वरून मीठ-तेल-तिखट टाकायचं आणि कच्चीच भाकरीबरोबर खायची. किंचित कडू लागते, पण एकदा सवय लागली की थंडीभर जीभ तीच मागते. मग ती गावातच का नाही खुडायची? कारण आमच्याकडं कॅनॉल, कॅनॉल म्हणून ऊस, आणि ऊस म्हणून तणनाशक. सरीत फवारतात, बांधावर फवारतात, उरलं तर वाया जाऊ नये म्हणून रस्त्याच्या कडेलाही फवारतात. नरसिंहपूरच्या अलीकडं मात्र माळाचा एक उंचवटा आहे. तिथं पाणी चढत नाही, म्हणून अजून शाळू पेरतात, आणि शाळूच्या पायाशी पाथरी, तांदुळजा, घोळ अशी सगळी मंडळी सुखानं नांदतात. हे साहेबरावांना ठाऊक होतं, कारण बारामती-नरसिंहपूर रस्ता त्यांनी अर्धं आयुष्य खिडकीतून वाचला होता. कुठल्या टप्प्यावर हादगा, कुठल्या टप्प्यावर चिंच, कुठल्या विहिरीवर शेवगा, सगळं पाठ. रस्ता रुंद झाला तेव्हा त्यातली निम्मी झाडं गेली. ती जागा आली की अजूनही साहेबरावांचा हात घंटीच्या दोरीकडं जातो.

पण हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर दिशासाठी. दिशा म्हणजे त्यांची नात. त्या वर्षी ती अकरावीला होती आणि बारामतीत एका दोन वर्षांच्या क्लासला जात होती. तिचा बाप संघपाल एमआयडीसीत कंत्राटी कामाला. दिवाळीनंतर त्याचं काम महिन्यातले पंधरा दिवस झालं. घर एका संध्याकाळी चुलीपुढं बसलं आणि काय काय बंद करायचं ते ठरवू लागलं. केबल बंद झाली, पेपर बंद झाला, संघपालचा गुटखा बंद झाला (असं तो म्हणाला). मग सगळ्यांची नजर क्लासवर गेली. साहेबराव म्हणाले, “क्लास बंद व्हायचा न्हाय. खाण्यात बघू.”

आता या घरात खाण्यात बघायचं म्हणजे ताईबाईंच्या राज्यात पाय ठेवायचा. ताईबाई म्हणजे साहेबरावांची बायको, सत्तर वर्षांची, उंचीनं साडेचार फूट आणि अधिकारानं कलेक्टर. त्यांच्या स्वयंपाकघरातून आजवर कुठलीही गोष्ट वाया गेलेली नाही. दोडक्याची भाजी झाली की शिरांची चटणी होते. फ्लॉवरचे दांडे पिठल्यात जातात, कोथिंबिरीच्या काड्या ठेच्यात. कलिंगड आणलं तर आपण आतलं खातो आणि जिंकलो असं समजतो. ताईबाई दुसऱ्या दिवशी सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाची भाजी करून वाढतात, आणि तिसऱ्या दिवशी भाजलेल्या बिया समोर ठेवतात. शिळ्या भाकरीचा कुस्करा इतका चांगला करतात की घरात ताजी भाकरी मुद्दाम शिळी करतात असा माझा संशय आहे. मोरीच्या पाण्यावर अळू, न्हाणीच्या पत्र्यावर दुधी भोपळा, दाराशी शेवगा. त्या घरी कचऱ्याची गाडी आली की नुसतं ‘राम राम’ करून पुढं जाते.

तरी त्यांचा एक नियम होता, आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. परक्याच्या बांधावरचं खायचं नाही. एकतर आपल्या परड्यातलं, नाहीतर बाजारातलं विकत.

त्यामागं एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी लग्नानंतर साहेबरावांना एकदाच सांगितली होती. ताईबाई नऊ वर्षांच्या असताना माहेरच्या गावी, नरसिंहपूरच्याच बाजूला, आईबरोबर एका बांधावर पाथरी खुडत होत्या. आईची ओटी भरली होती. रानाचा मालक आला. तो ओरडला नाही, मारायलाही धावला नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाला, “ओटी मोकळी कर.” आईनं लुगड्याची ओटी सोडली, पाथरी खाली पडली, आणि मालकाच्या बैलानं ती खाल्ली. बैलाला चालली, तुमाला चालत न्हाय, असं तो हसत म्हणाला. त्या दिवशी घरी येऊन आई जेवली नाही. ताईबाईंनी हा नियम मनाशी बांधून घेतला तो त्याच दिवशी.

हे माहीत असूनही साहेबराव पाथरी घेऊन घरी आले. उंबऱ्यात ताईबाई उभ्या.

“कुठली म्हणायची ही?”

“इकत आणली.”

“पाथरी कोण इकतं?”

इथं साहेबरावांनी खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट दीड पानात संपली असती. पण कंडक्टरकीत माणसाला एक सवय लागते. कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की आधी काहीतरी ठामपणे सांगायचं आणि मग सुट्टे शोधायचे.

“सारजाबाई,” ते म्हणाले. “नरसिंहपूरला स्टँडजवळ बसती. गरीब हाय बिचारी.”

सारजा हे नाव त्यांनी त्याच दिवशी दुपारी ऐकलं होतं. कुठं ऐकलं ते पुढं येईल. ताईबाईंनी जुडी हातात घेतली, सुतळीची गाठ पाहिली. साहेबरावांनी बाजारातल्यासारखीच गाठ मारली होती. “बरी बांधती,” त्या म्हणाल्या आणि पाथरी धुवायला घेतली.

तिथून पुढं दर आठवड्याला ताईबाई कनवटीच्या पिशवीतून भाजीचे दोनशे रुपये साहेबरावांना द्यायच्या. साहेबराव ते गुपचूप सुनेच्या, ज्योत्स्नाच्या हातात ठेवायचे, आणि ज्योत्स्ना ते क्लासला भरायची. भाजी मात्र हंगामाप्रमाणं येत राहिली. थंडीत पाथरी, चैत्रात चिंचेचा कोवळा चिगूर, उन्हाळ्यात नदीकाठची घोळ, पावसाळ्यात कुरडू आणि कडवंची, श्रावण-भाद्रपदात हादग्याची फुलं. सारजाबाईच्या दुकानात काय नव्हतं!

पण एक गोष्ट साहेबरावांच्या हिशोबात नव्हती. ताईबाईंना माणसांत फार रस. भाजीबरोबर त्यांना भाजीवालीही हवी असायची.

“तिला मालक हाय का?”

“न्हाय. वारला.”

“अगं बाई! कशानं?”

साहेबरावांना एका मुंडाशातल्या सज्जन माणसाला विहिरीत पाडावं लागलं. पुढच्या आठवड्यात सारजाबाईला दोन मुलगे झाले, त्यातला एक पायानं अधू. तिसऱ्या आठवड्यात एक लेक झाली आणि तिसऱ्या महिन्यात ती नांदायला गेली. तिच्या सासूनं छळ मांडला. ताईबाई भाकरी थापता थापता त्या सासूला शिव्या देऊ लागल्या. उन्हाळ्यात सारजाबाईची दुभती म्हैस गेली, तेव्हा ताईबाईंनी पदरानं डोळे पुसले. ज्योत्स्नाला सगळं माहीत होतं. ती एकदा सासऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, “मामा, सारजाबाईला आता आणिक लेकरं देऊ नका. माझ्या ध्यानात ऱ्हाईना. परवा आत्याबाईंनी इचारलं धाकट्याचा पाय कुठला, मी डावा म्हणाले.”

“मी उजवा सांगितलाय,” साहेबराव घाबरून म्हणाले.

“मग दोन्ही.”

रडून झालं की ताईबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी सारजाबाईला वस्तू पाठवायला सुरुवात केली. आधी कुरडया, मग एक धुवट नऊवारी, मग जवसाची चटणी. सारजाबाईच्या लेकीला दिवस गेले (हे साहेबरावांच्या तोंडून चुकून निसटलं) तेव्हा तर त्यांनी महिनाभर बसून बाळासाठी गोधडी शिवली. ज्योत्स्नाची हिरवी साडी, संघपालचा कंपनीचा निळा शर्ट आणि दिशाच्या शाळेचा गणवेश, असे तुकडे जोडून. साहेबराव ती गोधडी काखेत घेऊन एसटीत बसले तेव्हा त्यांचं तोंड खून करून निघालेल्या माणसासारखं झालं होतं.

वस्तू फेकवेनात, घरी परत आणता येईनात. मग त्या जायच्या शकुबाईंकडं.

शकुबाई म्हणजे त्या माळावरच्या रानाची मालकीण. सात एकर, एक ट्रॅक्टर, दोन म्हशी, आणि पहाटेपासून चालू असलेलं तोंड. तिचा मुलगा युवराज शाळेत असताना साहेबरावांच्या गाडीनं इंदापूरला जायचा आणि पास रोज घरी विसरायचा. साहेबरावांनी त्याला कधी खाली उतरवलं नाही. त्या ओळखीवर पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं होतं, “आबा, काय खुडायचं ते खुडा. तणच हाय. तुमी न्हेलं तर माझी फवारणी वाचती.” त्या दिवशी शकुबाई ओट्यावर बसून आपल्या मेलेल्या म्हशीचं कौतुक सांगत होती. त्या म्हशीचं नाव सारजा.

कंडक्टर अधूनमधून जुन्या साड्या आणि कुरडया का आणून देतो, हे शकुबाईला कधी कळलं नाही. म्हातारपणी माणूस जरा हलतो, असं समजून तिनं साडीची नातवाला झोळी केली आणि कुरडया तळून खाल्ल्या.

अशी सारजाबाई एक वर्ष सुखानं जगली. मग पुन्हा थंडी पडली, पाथरी आली, आणि एका सकाळी ताईबाई ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“बायकांना अर्धं तिकीट हाय म्हणं. मी येती. सारजाच्या नातवाला बघून येती.”

साहेबरावांनी गुडघा दुखतोय म्हणून पाहिलं. “मग तुमी बसा, मी जाती एकली.” यावर गुडघा लगेच बरा झाला.

त्या दिवशीच्या प्रवासात साहेबरावांनी सारजाबाईचे जे हाल केले ते तिच्या नवऱ्याच्या विहिरीनंही केले नव्हते. बारामतीला त्यांनी तिला गावाला पाठवलं.

“कुठल्या गावाला?”

“लेकीकडं.”

“लेक तर तिच्याकडंच बाळतपणाला आली व्हती न्हवं?”

इंदापूर स्टँडवर त्यांनी तिला ताप आणला. “मग तर जायाच पायजे,” ताईबाई म्हणाल्या आणि दोन मोसंबी घेतली. पुढच्या गाडीत त्यांनी तिला दवाखान्यात घातलं. ताईबाई म्हणाल्या, “मग तिचं घर तरी बघू. पोरांना काय हवं नगं बघाया कुणी हाय का न्हाय?” मारून टाकावी असंही एकदा मनात आलं. पण पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही प्रवासी गमावला नव्हता, हात धजेना. घाम पुसत ते बसून राहिले, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, “चला, उतरा, थांबा आला.”

नरसिंहपूर अजून दोन थांबे पुढं होतं. पण बोलून चुकले होते, आणि ताईबाई उतरल्याही होत्या.

रस्त्याला लागूनच शकुबाईचं घर. ओट्यावर बाज, बाजेवर काही महिन्यांचं बाळ, आणि बाळाखाली गोधडी. हिरवी साडी, निळा शर्ट, शाळेचा गणवेश. ताईबाईंनी ती बघितली आणि चेहरा उजळला. तेवढ्यात आतून शकुबाई बाहेर आली.

“आला व्हय कंडक्टर! आज उशीर केला. युवराजनं पिशवी भरून ठेवलीया बघा. खालच्या बांधाला लय पाथरी फुटलीया, तेवढी काढून न्या, न्हायतर तो सोमवारी फवारतो म्हणतोय. आन् ह्या कोण?”

ताईबाईंचं तिच्या प्रश्नाकडं लक्षच नव्हतं. त्यांनी घराकडं पाहिलं, ट्रॅक्टरकडं पाहिलं, शकुबाईच्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडं पाहिलं.

“तुमी सारजाबाई?”

“सारजा?” शकुबाई हसायला लागली. “आवं बया, सारजा माझी म्हस व्हती! मेली लई दिस झालं.”

ताईबाई हळूहळू नवऱ्याकडं वळल्या. साहेबराव ट्रॅक्टरच्या टायरचं बारकाईनं निरीक्षण करत होते.

“म्हशीसाठी रडले व्हय मी?”

“अगं, म्हस गुणी व्हती,” साहेबराव टायरला म्हणाले.

दुसरी कुणी असती तर हसली असती, किंवा भांडली असती. ताईबाईंनी ओट्याला टेकवून ठेवलेली पिशवी पाहिली. काठोकाठ पाथरी.

“ही केवढ्याला देता?”

“तणाचे कसले पैशे घ्येता बया!”

“म्हंजे वर्सभर ह्यांनी हितनं फुकट न्हेली.”

“न्हेली की. त्यात काय?”

ताईबाई नवऱ्याला म्हणाल्या, “पिशवी मोकळी करा.”

साहेबरावांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं. मग पिशवी उचलली, खालच्या बांधापर्यंत नेली आणि उलटी केली. परत येताना ते खरोखरच लंगडत होते.

शकुबाईला राग आला. “आमचं वंगाळ हाय का? दिलेलं वतून टाकता?”

मग ताईबाई ओट्याच्या कडेवर बसल्या आणि आयुष्यात दुसऱ्यांदा ती गोष्ट सांगितली. बांध, ओटी, बैल. आवाज चढवला नाही. बाळ जागं झालं तेव्हा सांगता सांगता त्याला थोपटलं. मध्येच युवराज कुठूनतरी आला आणि “जय भीम आबा” म्हणून उभा राहिला. मग काहीतरी चाललंय हे ओळखून चहा करायच्या निमित्तानं आत गेला आणि आतच राहिला.

शकुबाईचं तोंड बंद झालेलं साहेबरावांनी पहिल्यांदाच पाहिलं. मग ती म्हणाली, “तो आमचा मामंजी नसल. पर आमच्या मामंजीनी बी लई जणींच्या ओट्या मोकळ्या केल्यात. ह्याच बांधाला. मी नवी नवरी व्हते. बघितलं, आन् भाकरी थापत बसले.”

ताईबाई उठल्या, पदर सारखा केला.

“तुमचा राग न्हाय मला. पर फुकटचं मी खात न्हाय. तुमी पैशे घ्येत न्हाय. मग एक करा. माझ्या घरी या. माझ्या हातचं, माझ्या ताटात जेवा. मग तुमच्या बांधाची पाथरी मी हक्कानं खाईन.”

शकुबाईनं लगेच ‘येते’ म्हटलं नाही. कुंकवाच्या खाली दोन आठ्या पडल्या. “बघू,” ती म्हणाली. “लांब पडतं.”

‘लांब पडतं’ हे ताईबाईंनी आयुष्यात पुष्कळ ऐकलं होतं. पुष्कळदा हाक मारण्याच्या अंतरावरच्या घरांकडून. त्यांनी मान हलवली, दोन मोसंबी बाळाजवळ ठेवली आणि थांब्याकडं चालू लागल्या.

घरी आल्यावर साहेबरावांनी क्लासचं सगळं सांगून टाकलं. ताईबाईंनी ऐकून घेतलं. “क्लास ऱ्हाईल,” त्या म्हणाल्या, “भाजी आपल्या परड्यातली खायची. बाजार बी नको आन् तुमची सारजा बी नको.”

मग सुरू झालं अळूचं राज्य. सोमवारी अळूचं फदफदं, मंगळवारी अळूवड्या, बुधवारी देठांची भाजी, गुरुवारी दुधी, शुक्रवारी दुधीची साल, शनिवारी पुन्हा अळू, आणि रविवारी शेवग्याच्या पाल्याच्या भाकरी. संघपालचा घसा खवखवू लागला. दिशा क्लासला डबा न्यायची, तिच्या मैत्रिणी आधी विचारायच्या, ‘आज साल आहे की देठ?’ साहेबराव रोज सात वाजता अंगणात येऊन गाडी गेल्याचा आवाज ऐकायचे आणि आत जाऊन लसूण सोलायचे. ताईबाईंनी परड्यातली फरशी उचकटून दोन वाफे केले, त्यात मेथी-करडई टाकली. पण मेथी काही सांगितलं म्हणून दोन दिवसांत उगवत नाही, आणि ज्योत्स्ना एका संध्याकाळी हळूच म्हणाली की या महिन्याला क्लासचं जमेलसं वाटत नाही, संघपालला दहाच दिवस काम मिळालंय.

त्या दिवशी ताईबाईंनी भाकरी अर्धीच खाल्ली.

तेराव्या दिवशी, दुपारच्या गाडीनं, शकुबाई आली. एकटी. हातात पिशवी, डोक्यावर पदर, आणि थांब्यापासून घरापर्यंत चार जणांना पत्ता विचारत, म्हणजे सगळ्या गावाला कळवत. ताईबाई दारात आल्या. ज्योत्स्नानं आतल्या आत धावपळ सुरू केली. कुणाला तरी दुकानात पाठवून पनीर आणावं का, असं ती साहेबरावांना खुणेनं विचारत होती.

“या, बसा,” ताईबाई म्हणाल्या. “ताट करती.”

शकुबाईनं पाण्याचा तांब्या घेतला, घोटभर प्याली आणि म्हणाली, “आज माझी एकादशी हाय.”

साहेबरावांनी डोळे मिटले. या घराला उपवास नवीन नव्हते. संघपालच्या लग्नात आलेल्या किती पाहुण्यांना दारात आल्यावर उपवास आठवले होते! सोमवार, शनिवार, चतुर्थी, कुणाला नवस, कुणाला डॉक्टरनं सांगितलेलं. ताईबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग च्या घ्या.”

“च्या घेती की,” शकुबाई म्हणाली. तिनं पिशवी उघडली. आत भाजी नव्हती. एक लुगडं, एक चोळी, दात घासायची राख आणि गुडघ्याचं तेल होतं. “घरातनं निघताना ध्यानातच न्हाय एकादशी हाय ती. गाडीत एक बाई म्हणाली. म्हणलं आता परत कुठं फिरा? पारणं हितंच सोडते, उद्या सकाळी. अंथराया हाय न्हवं काय? मला पंख्याखाली झोप येत न्हाय, आधीच सांगती.”

पारणं म्हणजे एकादशीच्या उपवासानंतरचा पहिला घास. तो माणूस कुणाच्याही घरी घेत नाही. ताईबाई हे जाणून होत्या. त्यांनी ताट परत फळीवर ठेवलं, आणि ते ठेवायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

पनीर आणू दिलं नाही त्यांनी. सकाळी शकुबाई अंघोळ करून पाटावर बसली तेव्हा तिच्यापुढं रोजचंच ताट होतं. ज्वारीची भाकरी, अळूचं फदफदं, दुधीच्या सालीची चटणी, आणि परड्यातल्या मेथीची पहिली चार पानं. शेजारी ताईबाई बसल्या, तसंच ताट घेऊन. साहेबराव, ज्योत्स्ना आणि दिशा दाराआडून बघत होते. एवढं टक लावून त्यांनी दहावीचा निकालही बघितला नसेल.

शकुबाईनं भाकरी मोडली, अळूत बुडवली, तोंडात टाकली. चावली. थांबली.

“चिच जास्त झालीया,” ती म्हणाली.

“चिच जास्त?” ताईबाई ताठ झाल्या. “अळूला चिच नको व्हय? घसा खाजला तर मग मलाच बोल लावशील!”

“आमच्यात एवढी घालत न्हाईत. आन् मीठ बी कमी हाय.”

“मीठ कमी न्हाय. तुझ्या जिभंला चव न्हाय.”

“मग आणिक वाढ की. चव लागंपतुर खाती.”

दाराआड दिशानं आजोबांच्या हाताला चिमटा काढला. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते दोघींनाही कळलं नव्हतं. शकुबाई तीन भाकरी जेवली, प्रत्येक घासाला काहीतरी खोट काढत, आणि ताईबाई प्रत्येक खोटीला उत्तर देत वाढत राहिल्या. सालीच्या चटणीवर मात्र शकुबाई काही बोलली नाही. ती तिनं बोटानं चाटून संपवली आणि उरलेली एका डबीत मागून घेतली.

साहेबराव लगबगीनं आत गेले, शर्ट बदलून आले, पिशवी झटकून काखेत मारली.

“मग... निघायचं का? साडेनऊची गाडी हाय. म्हंजे आता पाथरी आणाया हरकत न्हाय, तर...”

“तुमी बसा,” ताईबाई म्हणाल्या आणि पिशवी त्यांच्या काखेतून ओढून घेतली. “मी जाती हिच्यासंगं. तुमाला खुडता येत न्हाय. मुळासकट उपटता म्हणं.”

“कोण म्हणालं?”

“मी म्हणाले,” शकुबाई म्हणाली. “वर्सभर बघतीया. ह्यांच्या हातनं पाथरी गेली की त्या जागी परत उगवत न्हाय. बोलले न्हाय, म्हणलं म्हातारा मानूस हाय.”

साहेबराव थांब्यापर्यंत मागं मागं गेले. दोघी पुढं, अळूत चिंच किती घालावी यावर हमरीतुमरीवर आलेल्या. गाडी आली, दोघी चढल्या, शकुबाईनं खिडकी धरली आणि ताईबाईंनी तिला तिथून उठवून ती स्वतः घेतली. कंडक्टरनं विचारलं, “कुठं जायचं, आजी?”

ताईबाईंनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “बांधावर. पाथरी खुडायला.”

“ते कुठल्या थांब्यावर येतं?”

ते काही ताईबाईंना सांगता येईना. खालून साहेबराव सुटलेल्या गाडीबरोबर चार पावलं चालत ‘आधी बारामतीचं तिकीट घ्या’ म्हणून ओरडत राहिले. पण आतमध्ये शकुबाई बोलत होती, आणि तिच्यापुढं कुणाचा आवाज पोचणार?